बोटीवरचा व्हॅक्यूम संडास: नव्या जुनियरसाठी कामाच्या गोष्टी

बोटीवर पहिल्या रात्री केबिनमधल्या संडासाचं बटण दाबलंत आणि दचकलात, तर लाजू नका. सगळेच दचकतात. घरच्या फ्लशसारखी खळखळ नाही. एकदम फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि भांडं रिकामं. आठवडाभरात कान सरावतात. मग एका रात्री कुणाच्या तरी केबिनमधून तो आवाज येईनासा होतो आणि फोन तुम्हाला येतो.

मालवाहू बोटींवर सिव्हेज प्लांट, म्हणजे मैल्यावर प्रक्रिया करणारं यंत्र, बहुतेक वेळा फोर्थ इंजिनिअरच्या, म्हणजे चार साबच्या वाट्याला असतो आणि त्याच्या हाताखाली जुनियर इंजिनिअर. ट्रेनिंगमध्ये मेन इंजिन, जनरेटर, प्युरिफायर यांच्यावर महिने जातात. संडासावर एखादा तास मिळाला तरी पुष्कळ. बोटीवर हिशेब उलटा असतो. मेन इंजिन आठवडेच्या आठवडे तक्रार करत नाही, संडास मात्र आठवड्याला एकदा हाक मारतो. आणि मेन इंजिन थांबलं तर कॅप्टन एकटा विचारतो, संडास थांबला तर बावीसच्या बावीस माणसं विचारतात.

आधी हवा समजून घ्या

शहाळ्यातलं पाणी आपण स्ट्रॉने "ओढतो" असं म्हणतो. खरं तर तोंडाने फक्त स्ट्रॉमधली हवा कमी होते आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. स्ट्रॉला बारीक चीर असेल तर कितीही गाल आत घ्या, पाणी वर येत नाही. नुसतं सूं सूं होतं. व्हॅक्यूम संडास म्हणजे हेच शहाळं. फक्त स्ट्रॉ साधारण दोन इंची आहे, शंभर-दीडशे मीटर लांब आहे आणि तिला बावीस तोंडं आहेत.

त्यामुळे घरच्या प्लंबिंगची अक्कल इथे निम्मीच चालते. घरी पाणी मैला वाहून नेतं, उतार असतो, जाड पाइप असतो. इथे पाणी फक्त भांडं धुतं. मैला हलवते ती खोलीतली हवा. एका फ्लशला पाणी लागतं साधारण एक ते सव्वा लिटर, आणि त्यासोबत पन्नास-साठ लिटर हवा पाइपात शिरते. तो फटाका त्या हवेचा. विमानातही हेच तत्त्व आहे. तिथे उंचीवर गेल्यावर बाहेरची हवाच इतकी विरळ असते की पंपाची गरज उरत नाही. वंदे भारतमधले बायो-व्हॅक्यूम संडास याच कुळातले.

एवढा खटाटोप कशाला, तर हिशेब करा. बावीस माणसं, दिवसाला प्रत्येकी आठ फ्लश. सहा लिटरच्या साध्या टाकीने रोज हजार लिटरच्या वर पाणी जाईल. इथे दोनशे-सव्वादोनशे लिटरमध्ये भागतं. बोटीवर गोडं पाणी एकतर समुद्राच्या पाण्यापासून बनवायचं किंवा बंदरात विकत घ्यायचं. शिवाय जेवढं पाणी कमी, तेवढा सिव्हेज प्लांट लहान. बारीक पाइप वरच्या दिशेनेही नेता येतो, म्हणून जहाज बांधणाऱ्यांचीही सोय होते. स्वीडनच्या जोएल लिल्येन्दाल यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत काढली तेव्हा त्यांच्या डोक्यातही पाणी वाचवणं हेच होतं.

या सगळ्यातून एकच सवय लावून घ्या: तक्रार आली की आधी हवेचा विचार करायचा, मैल्याचा नंतर. चोकअप समजून जेवढे पाइप उघडले जातात, त्यातल्या बऱ्याचशा वेळी दोष कुठल्यातरी करंगळीएवढ्या रबरी नळीत असतो.

बटण दाबल्यावर काय होतं

भांड्याच्या मागचं झाकण काढा. आत चार गोष्टी दिसतील: कंट्रोल मेकॅनिझम (प्लॅस्टिकची डबी), पाण्याचा व्हॉल्व्ह, भांड्याच्या तळाशी डिस्चार्ज व्हॉल्व्ह आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या. बहुतेक बोटींवर इथे वीज नसते. बटणसुद्धा हवेचं असतं. दाबलं की नळीतून हवेचा एक ठोका डबीला जातो.

डबीचं काम वेळ सांभाळायचं. ती आधी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडते, मग मेन पाइपातला व्हॅक्यूम डिस्चार्ज व्हॉल्व्हला देते. व्हॅक्यूम मिळाला की त्यातला रबरी पडदा मागे ओढला जातो, वाट मोकळी होते आणि दोन-तीन सेकंदांत भांड्यातलं सगळं पाइपात जातं. मग डिस्चार्ज बंद. पाणी थोडा वेळ आणखी चालू राहतं, म्हणजे तळाशी ओंजळभर पाणी साठून राहतं. हे ओंजळभर पाणी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आणखी एक गंमत आहे. पाइपात पुरेसा व्हॅक्यूम नसेल तर डबी फ्लश करूच देत नाही. हे मुद्दाम ठेवलेलं आहे, नाहीतर पाणी येत राहील, मैला जाणार नाही आणि भांडं भरून वाहील. म्हणून बटण दाबल्यावर काहीच न होणं हे बऱ्याचदा संडास बिघडल्याचं लक्षण नसतं. संडास शहाणपणाने थांबलेला असतो.

पाइप आणि पंप

पाइपची रांग एकदा नकाशा हातात घेऊन स्वतः चालून बघा. सीलिंगचे पॅनेल उघडावे लागतील, चार साब कुरकुरेल, तरी बघा. दोन गोष्टी दिसतील. आडव्या पाइपात ठरावीक अंतरावर मुद्दाम एक खोलगट वळण दिलेलं असतं, ट्रान्सपोर्ट पॉकेट. मैला एका दमात टाकीपर्यंत पोचत नाही. तो पॉकेटमध्ये साठतो, पाइपाचं पूर्ण तोंड बुजवतो आणि पुढच्या फ्लशला त्याच्या मागची हवा त्याला बुचासारखा पुढे ढकलते. बूच नीट बसलं नाही तर हवा वरूनच निघून जाते आणि मैला जागच्या जागी. दुसरं म्हणजे फांद्या (केबिनकडून येणारे पाइप) मेन पाइपला नेहमी वरून आणि तिरक्या जोडलेल्या असतात, म्हणजे मेन पाइपातला मैला फांदीत परत उतरत नाही. एखाद्या दुरुस्तीत कुणी काटकोनात टी जोडला असेल, तर तिथे चोकअप होणार हे धरून चाला.

व्हॅक्यूम बनवायच्या दोन पद्धती तुम्हाला भेटतील. इजेक्टर पद्धतीत एक पंप टाकीतलंच पाणी उचलून इजेक्टरच्या नोझलमधून जोरात परत टाकीत सोडतो. त्या धारेबरोबर पाइपातली हवा आणि मैला ओढला जातो. दुसऱ्या पद्धतीत स्क्रू पंप असतो. तोच व्हॅक्यूम बनवतो, त्याच्याच तोंडाशी पाती असतात, तो मैला बारीक करतो आणि पुढे ढकलतो. दोन्हीकडे सहसा दोन पंप असतात, एक कामावर आणि एक राखीव. व्हॅक्यूम साधारण उणे ०.३५ बारपर्यंत पडला की पंप चालू आणि उणे ०.५ला बंद. तुमच्या बोटीचे आकडे मॅन्युअलमध्ये बघून गेजच्या शेजारी पेंट मार्करने लिहून ठेवा.

विजेवर सगळं किती अवलंबून आहे ते २०१३ साली जगाने पाहिलं. कार्निव्हल ट्रायम्फ या क्रूझ जहाजाच्या इंजिनरूमला १० फेब्रुवारीला मेक्सिकोच्या आखातात आग लागली, वीज गेली, आणि चार हजारांवर माणसं बहुतेक संडास बंद असलेल्या जहाजावर अडकली. टग लावून जहाज अलाबामातल्या मोबील बंदरात पोचायला १४ तारीख उजाडली. ब्लॅकआउटनंतर पंप आपोआप चालू होतो का, हे तुमच्या बोटीवर एकदा तपासाच.

फोन आला. आता?

पाना उचलू नका. आधी विचारा: "तुमचाच बंद आहे की शेजारचाही?" या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

सगळ्या बोटीचेच बंद असतील तर केबिनकडे फिरकूच नका, थेट पंपाकडे जा. गेज काय दाखवतोय? पंप चालू आहे का? चालू असून व्हॅक्यूम चढत नसेल तर राखीव पंप लावून बघा. राखीव पंपाने चढला तर दोष पहिल्या पंपात: सक्शनला चिंधी अडकलेली, इजेक्टरच्या नोझलमध्ये कचरा, किंवा नॉन-रिटर्न फ्लॅप नीट बसत नाही आणि व्हॅक्यूम उलट्या वाटेने निसटतोय. टाकीची पातळीही बघा. इजेक्टरला पाणी कमी पडलं तर तो नुसती हवा घुसळतो. टाकीत साबणाचा फेस झाला असेल तरी तेच. दोन्ही पंपांनी व्हॅक्यूम चढत नसेल तर पाइपात कुठेतरी मोठी गळती आहे. बहुतेक वेळा एखाद्या संडासाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो आणि त्या केबिनचा मालक ड्युटीवर असतो. डेकवरून चालत जा आणि ऐका. तो संडास अखंड घोंघावत असतो.

एकाच डेकचे किंवा एकाच रांगेचे बंद असतील तर त्या फांदीचा व्हॉल्व्ह कुणी बंद करून विसरलं का ते बघा. हसू नका, मी स्वतः विसरलोय. व्हॉल्व्ह उघडा असेल तर चोकअप. त्याचं पुढे येतं.

एकच संडास बंद असेल तर या क्रमाने चला:

१. मागचा पाण्याचा स्टॉपकॉक उघडा आहे का? पाणी येतं का? पाण्याच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती गंजाच्या कणांनी भरते. जाळी धुऊन परत लावा.

२. डबीला येणारी व्हॅक्यूमची नळी काढा आणि तिच्या तोंडावर हातमोज्यातला अंगठा ठेवा. अंगठा ओढला गेला पाहिजे. नाही ओढला तर नळी चिरलेली आहे किंवा तिच्यातला छोटा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) घाणीने भरलाय. हा चेक व्हॉल्व्ह रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि निम्मी दुखणी त्याचीच. तो उलटा बसवू नका, बाण बघा.

३. व्हॅक्यूम आहे, पण बटण दाबून काही होत नाही? बटणाची नळी डबीपासून काढा आणि त्या जागी दुसऱ्या स्वच्छ नळीने हवेचा ठोका द्या. तोंडाने फुंकणारे पुष्कळ बघितलेत, तुम्ही फुंकू नका. रबरी फुग्याचा पंप किंवा सिरिंज वापरा. ठोक्याने फ्लश झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या नळीत.

४. तरीही नाही? व्हॅक्यूमची नळी थेट डिस्चार्ज व्हॉल्व्हला लावून बघा. व्हॉल्व्ह उघडला तर तो ठणठणीत आहे, डबी बदला. उघडला नाही तर रबरी पडदा फाटलाय.

५. शंका असेल तर शेजारच्या रिकाम्या केबिनची डबी काढून इथे लावा. अदलाबदलीसारखी खात्री दुसऱ्या कशाने होत नाही. काढलेली डबी लगेच फेकू नका. उघडून गोड्या पाण्याने धुऊन सुकवली, आतली रबरं बदलली, तर बऱ्याच परत चालतात.

उलटी तक्रार म्हणजे संडास थांबतच नाही. तेव्हा आधी फांदीचा व्हॉल्व्ह बंद करा. व्हॅक्यूम चालू असताना भांड्याच्या तोंडात हात घालायचा नाही, कितीही घाई असो. मग डिस्चार्ज व्हॉल्व्ह खोला. पडद्याखाली टूथपेस्टचं झाकण, इअरबड किंवा तत्सम काही सापडेल.

चोकअप

चोकअप कुठे आहे हे शोधायचं असेल तर पंपाच्या बाजूने केबिनकडे चालत जा. पाइपवर जिथे टेस्ट पॉइंट किंवा क्लीनिंग प्लग आहेत तिथे हातातला व्हॅक्यूम गेज लावा. जिथपर्यंत व्हॅक्यूम आहे तिथपर्यंत वाट मोकळी; पुढच्या पॉइंटला नसेल तर चोकअप या दोहोंच्या मधे. सगळ्यात आधी वळणं आणि जोड बघा.

काढायची पहिली पद्धत फुकटची आहे. बाकी सगळ्या फांद्या बंद करा, पंपाला पूर्ण व्हॅक्यूम बनवू द्या, अडलेल्या फांदीच्या टोकाच्या संडासात दोन लिटर पाणी ओता आणि मग त्या फांदीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडा. पंपाची सगळी ताकद एकाच फांदीला मिळते. दोन-तीनदा केलं तर कागदाचे आणि साधे चोकअप सुटतात. नाही सुटलं तर प्लग उघडून स्प्रिंगची तार, आणि शेवटी पाइपाचा तुकडा काढणं.

काँप्रेस्ड हवा मारू नका. का, ते सांगतो. माझ्या तिसऱ्या बोटीवर मी जुनियर असताना एक फांदी सकाळपासून अडलेली होती. चार साब दुसऱ्या कामात. मला सुचलं की सर्व्हिस एअरची सात बारची हवा क्लीनिंग प्लगमधून मारावी. मारली. पाइपात गडगडाट झाला, मला वाटलं सुटलं. दोन मिनिटांनी इंजिन कंट्रोल रूमचा फोन वाजला. चोकअप होता तिथेच होता; हवेने सोपी वाट निवडली होती आणि फांदीतला सगळा ऐवज चीफ ऑफिसरच्या भांड्यातून छतापर्यंत गेला होता. त्यांचा पांढरा युनिफॉर्म तिथेच हँगरला टांगलेला. केबिन मी साफ केली, युनिफॉर्म मी धुतला, आणि उरलेल्या कॉन्ट्रॅक्टभर मेसमध्ये माझं नाव "हवाई दल" होतं.

चोकअप होऊच नये म्हणून माणसांशी बोलावं लागतं. टॉयलेट पेपर सोडून दुसरा कागद, कसलाही कपडा, ओले वाइप, सॅनिटरी पॅड, सिगारेटची थोटकं, दाताचा दोरा हे भांड्यात नको. "फ्लश करता येईल" असं पाकिटावर लिहिलेले वाइपसुद्धा या पाइपात विरघळत नाहीत. उरलेली डाळ, तळणीचं तेल, पोछ्याची बादली, ब्रश धुतलेला थिनर तर अजिबातच नको. आपल्या मंडळींना पाण्याने धुवायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे, पण भांडं काठापर्यंत भरू देऊ नका. डिस्चार्ज व्हॉल्व्ह ठरावीक सेकंदच उघडतो. तेवढ्यात पाणीच जातं, मागून हवा शिरायला वेळ उरत नाही आणि बूच अर्ध्या वाटेत बसतं. धुताना मधेच एकदा फ्लश केला की झालं. झाकण लावून, उठून उभं राहून फ्लश करायचा, हेही नव्या माणसाला सांगा.

एखाद्या स्ट्युअर्डने (केबिन-मेसची साफसफाई बघणाऱ्याने) येऊन "साब, माझ्या हातून फडकं गेलं" असं सांगितलं तर त्याच्यावर ओरडू नका. त्याने तुमचे तीन तास वाचवलेत. एकदा ओरडलात की पुढचं फडकं कुणी सांगणार नाही.

बारीक गळती

ही सगळ्यात त्रासदायक, कारण तक्रार कुणीच करत नाही. संडास चालत असतात, पंप मात्र उसंत न घेता पळत असतो. मग सील जातं, बेअरिंग जातं, आणि लोक पंपाला दोष देतात.

बोटीवर आल्यावर पहिल्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास पंपाजवळ तासभर बसा. सगळे झोपलेले असतात. पंप किती वेळा चालू झाला आणि प्रत्येक वेळी किती वेळ चालला ते लिहून ठेवा. हा तुमच्या बोटीचा नाडीचा ठोका. दोन महिन्यांनी परत मोजा. ठोके वाढले असतील तर एकेक फांदी बंद करत जा. ज्या फांदीला बंद केल्यावर पंप शांत होतो, गळती त्या फांदीत.

आता त्या फांदीचे संडास बघा. ते ओंजळभर पाणी आठवतंय? सकाळी ज्या भांड्यात ते नाहीसं झालेलं असेल, त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह गळतोय. पडद्याखाली केस किंवा धागा अडकला असेल, नाहीतर रबर कडक झालं असेल. हत्याराशिवाय होणारी ही तपासणी आहे, आणि स्ट्युअर्डला सांगून ठेवलं तर तो रोज तुमच्यासाठी करेल.

पाइपाच्या जोडात गळती शोधताना नवी मुलं साबणाचं पाणी घेऊन येतात. ते हवा बाहेर येते तिथे चालतं. इथे हवा आत जाते, बुडबुडा येणारच नाही, साबण आत ओढला जाईल. भंडाऱ्याकडून, म्हणजे बोटीच्या स्वयंपाक्याकडून, स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म मागून आणा आणि संशयित जोडाला गुंडाळा. गळती असेल तर ती चिकटून आत खेचली जाते. शेव्हिंग फोमही चालतो, तिथे खळगा पडतो. आणि कान तर आहेतच.

क्षार

मूत्रातले क्षार पाइपाच्या आतून दगडासारखे साठतात. जिथे फ्लशला समुद्राचं पाणी वापरतात तिथे फार वेगाने, गोड्या पाण्यावर सावकाश, पण साठतातच. पन्नास मिलिमीटरच्या पाइपात सगळीकडून साडेबारा मिलिमीटर थर बसला की उरतो पंचवीसचा पाइप. निम्मा वाटतो, पण वाट उरलेली असते पावच.

मोठमोठ्यांना हे दुखणं चुकलेलं नाही. अमेरिकन नौदलाच्या जॉर्ज बुश आणि जेराल्ड फोर्ड या विमानवाहू जहाजांवर याच जातीचे संडास आहेत. तिथे वारंवार चोकअप होतो म्हणून सगळ्या पाइपांना आम्लाने धुवावं लागतं आणि एका धुण्याचा खर्च सुमारे चार लाख डॉलर, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षण खात्याने २०२० साली लिहून ठेवलं.

आपल्याला इतकं करावं लागू नये म्हणून उपाय थोडा-थोडा आणि नेमाने. सौम्य आम्लाचं डीस्केलर मिळतं. मॅन्युअलने सांगितलेलं माप रात्री प्रत्येक फांदीच्या टोकाच्या संडासात घाला, एकदा फ्लश करा आणि सोडून द्या. सहा महिन्यांनी एकदा भरून काढण्यापेक्षा दर आठवड्याला थोडं बरं, कारण भरमसाट आम्लाने एसटीपीमधले (सिव्हेज प्लांटमधले) मैला खाणारे जिवाणू मरतात आणि मोठे थर एकदम सुटले तर पुढच्या वळणावर जाऊन अडकतात. दर काही महिन्यांनी एखादं ठरावीक एल्बो (पाइपाचं वळणाचं जोड) उघडून आतला थर मोजा. नेहमी तेच एल्बो, म्हणजे तुलना करता येते.

आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू होतो, आणि केबिनचा संडास म्हणजे बंद कपाट. खरं तर ब्लीच या संडासांत घालायचंच नाही. स्ट्युअर्डच्या लॉकरमध्ये ब्लीच दिसलं तर ते संडासासाठी वापरत नाही ना, हे विचारा.

वास, आणि सावध राहायच्या जागा

सिव्हेज प्लांटमध्ये ब्लोअर सतत हवा सोडतो, कारण मैला खाणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. ब्लोअर बंद पडला की हे जिवाणू मरतात आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे वाढतात. ते हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन बनवतात. पहिला विषारी, दुसरा ज्वालाग्राही. सडक्या अंड्याचा वास आला तर आधी ब्लोअर बघा. आणि वास येत होता तो अचानक थांबला तर जास्त सावध व्हा: हायड्रोजन सल्फाइड साधारण शंभर पीपीएमला पोचला की नाक बधिर होतं. नाकावर भरवसा नको, गॅस मीटर जवळ ठेवा. टाकीत उतरायचं काम एन्क्लोज्ड स्पेसच्या (बंदिस्त जागेत शिरायच्या) परमिटशिवाय नाही, "दोन मिनिटांचं काम" असलं तरी नाही.

रोजच्या कामाला रबरी हातमोजे, त्यावर जाड हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. उघडी जखम असेल तर दुसऱ्याला पाठवा. हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वाताच्या लसी बोटीवर चढण्याआधीच घ्या. कामाचा बॉयलर सूट वेगळा धुवा आणि त्या अवताराने मेसमध्ये जाऊ नका.

समुद्रात काय सोडता येतं

हे इंजिनरूमच्या परीक्षेतही विचारतात. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे प्रक्रिया न केलेला, टाकीत साठवलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडेच, जहाज किमान चार नॉट वेगाने चालत असताना, हळूहळू सोडायचा. बारीक केलेला आणि निर्जंतुक केलेला तीन मैलांच्या पलीकडे. मान्यताप्राप्त एसटीपी नीट चालू असेल तर तिथून बाहेर येणारं पाणी सोडता येतं, पण त्यात तरंगता मळ दिसता कामा नये आणि समुद्राचा रंग बदलता कामा नये. बंदरांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हला (समुद्रात सोडायच्या व्हॉल्व्हला) हात लावण्याआधी ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीला, फोन करून विचारायचं आणि वेळ, जागा लिहून ठेवायची. किनाऱ्यावर मैला द्यायचा असेल तर जोडणीचा फ्लँज जगभर एकाच मापाचा असतो: बाहेरचा व्यास २१० मिलिमीटर, बोल्ट वर्तुळ १७०, चार भोकं. तो कुठे टांगलाय ते माहीत करून घ्या. बहुतेक वेळा ऐनवेळी सापडत नाही.

स्टोअर आणि हँडओव्हर

स्पेअरमध्ये निदान दोन पूर्ण डब्या, अर्धा डझन डिस्चार्ज पडदे, डझनभर छोटे चेक व्हॉल्व्ह, पाण्याचे दोन-तीन व्हॉल्व्ह आणि काही मीटर नळी असू द्या. रबर कपाटात पडूनही जुनं होतं, तेव्हा पाकिटावरची तारीख बघून आधी जुनं वापरा.

घरी जायची वेळ आली की पुढच्या जुनियरला देण्यासाठी एका कागदावर लिहा: कुठल्या केबिनचा पडदा कधी बदलला, कुठल्या वळणावर नेहमी अडतं, पहाटे पंप तासाला किती वेळा चालतो, कुठलं एल्बो उघडून बघता आणि शेवटी त्यात किती थर होता. नकाशाशी न जुळणारा एखादा पाइप सापडला असेल तर तोही हाताने काढून दाखवा. असा कागद मला आजवर दोनच बोटींवर मिळाला, आणि त्या दोन्ही बोटींवर माझी झोप व्यवस्थित झाली.